आधी पेट्रोल मोजा, मग हवा भरा : कॉन्टेसाला इंजेक्शन आणि टर्बो

कॉन्टेसा ट्रेलरवर चढवून खंडवा रोडच्या पंपावर थांबलो की कुणीतरी पोरगं हमखास जवळ येतं. बॉनेट उघडं असेल तर आत डोकावतं, नसेल तर उघडायला लावतं आणि विचारतं, "भिया, इसमें ट्विन टर्बो डल जाएगा क्या?" मी सांगतो, डल जाएगा, पण एकच, आणि सगळ्यात शेवटी. दोन्ही गोष्टी त्याला पटत नाहीत. (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा, ट्विन म्हणजे तसे दोन.) त्याच्यासाठी आणि ज्यांच्या दारात एखादी कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गाडी बाबांची. कॉन्टेसा क्लासिक, इंदूरचा एमपी-०९ नंबर, १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन, पाच गिअर. अमेरिकेत मसल कार हे प्रकरण रुळलं ते १९६४च्या पाँटियॅक जीटीओच्या आसपास: मध्यम आकाराची गाडी आणि तिच्यात भलंमोठं व्ही-८. आपल्या वाट्याला आली इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची बॉडी, आणि सुरुवातीला तर अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ५० हॉर्सपॉवर. इसुझू आल्यावर ती ८८च्या घरात गेली. तरी लोक कॉन्टेसाला देसी मसल कार म्हणतात ते बॉनेटच्या लांबीवर भुलून. माझी तक्रार नाही, मीही भुललोच.

ट्विन टर्बोचं खूळ येतं ते व्ही-८वरून. त्या इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा आणि दोन अंगांना धूर गोळा करणारे दोन एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. एकाच टर्बोला दोन्हीकडचा धूर पोचवायचा तर इंजिनाखालून जाडजूड पाइप फिरवून आणावा लागतो. त्यापेक्षा प्रत्येक रांगेला एक छोटा टर्बो सोपा पडतो, आणि छोटं चाक हलकं असल्यामुळे लवकर वेग घेतं. आपल्या चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाला मॅनिफोल्ड एकच. तिथे दोन टर्बो म्हणजे एका लग्नाला दोन भटजी: दक्षिणा दुप्पट, मंगलाष्टकं तीच.

पान्याआधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ वाचून घ्या. कारखान्यानं ठरवलेल्या आणि आरसीवर चढलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये हेच पुन्हा ठासून सांगितलं. ज्यांची गाडी ५० वर्षांवरची आहे त्यांनी आणखी जपावं. २०२१च्या नियमांनी अशा गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पण चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं राहिलं तरच. साठच्या दशकातली मस्टँग कुणाच्या आजोबांनी सांभाळली असेल आणि नातवानं तिला टर्बो लावले, तर तो मान गेला. माझं मत विचाराल तर तसली गाडी कापूच नये.

काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. टर्बो लागल्यापासून मी तर गाडी रस्त्यावर काढतच नाही. सिमरोलच्या पुढे मित्राच्या गोदामाकडे जाणारा ८०० मीटरचा सरळ सिमेंटचा खासगी रस्ता आहे, तिथवर ट्रेलर. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे हे ऐकून जीभ चाळवते खरी, पण ती चाचणी संस्था आहे, पोहे खाऊन चक्कर मारायची जागा नव्हे.

इंजिन दम धरेल का

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी म्हणजे कंप्रेशन टेस्ट. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सारखेच फेरे स्टार्टर मारा. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. एखादा खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मग गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर बघा, आयडलला आणि ३००० आरपीएमला.

आकडे वाईट आले तर पैसे इंजिन बांधण्यात घाला आणि टर्बोचं नाव वर्षभर काढू नका. थकलेल्या इंजिनात जास्त हवा कोंबली की ते जिथून फाटायचं तिथून लवकर फाटतं, एवढंच होतं.

ब्रेक आणि रेडिएटर याच टप्प्यावर. ब्रेकचे होज, सिलिंडरचे रबर, फ्लुइड सगळं नवं. रेडिएटर खोलून साफ करून घ्या. मूळ पंख्याऐवजी विजेचा पंखा लावणार असाल तर त्याला पत्र्याची चौकट करा, नाहीतर तो समोरची हवा न ओढता आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. मे महिन्यात ४२ अंशांत राजवाड्याच्या कोंडीत ज्या गाडीचा काटा मध्यावर टिकत नाही, ती टर्बोला तयार नाही. मी ही परीक्षा खरोखर घेतली होती. पहिल्या खेपेला नापास.

पेट्रोल: इथेच खरं काम आहे

कार्ब्युरेटरवर टर्बो बसत नाही असं नाही. बसतो, लोकांनी वर्षानुवर्षं बसवलाय. पण कार्ब्युरेटर हवेच्या ओढीवर अंदाजानं पेट्रोल सोडतो. दाबाखालची हवा, तिचं तापमान, इंजिनाचा वेग या सगळ्यांचा हिशेब त्याच्या चार जेटमध्ये बसवणं हे जुन्या उस्तादांचं काम होतं, आणि तसे उस्ताद आता फार उरले नाहीत. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबत असताना, क्षणभर जरी पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनला भोक पडतं. म्हणून आधी इंजेक्शन, म्हणजे ईसीयू नावाच्या छोट्या संगणकानं मोजून इंजेक्टरमधून फवारलेलं पेट्रोल. त्यावर एक उन्हाळा आणि एक थंडी काढा, मग टर्बो.

कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब असतो पाव बारच्या आसपास. इंजेक्शनला लागतात ३ बार, म्हणजे बारापट. त्यामुळे टाकीपासून इंजिनापर्यंतची एकही जुनी नळी ठेवायची नाही. दुकानदार 'पेट्रोल पाइप' म्हणून जो देईल तो घेऊन येऊ नका. त्यावर इंजेक्शनच्या दाबासाठीचा 'आर ९' दर्जा छापलेला आहे का ते वाचा. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि ते जुनं रबर फुगवतं, मऊ करतं. काढलेल्या नळीचा तुकडा कापून आत बोट फिरवलं तर काळं लागेल. तो काळा भुगा आजवर जेटमध्ये अडकत होता, उद्या इंजेक्टरमध्ये अडकेल. क्लिपसुद्धा कडेनं गोल वळवलेल्या, इंजेक्शन होजसाठीच्या घ्या. दातेरी क्लिप आवळली की होज चिरते.

इंजेक्टर केवढा घ्यायचा हे दुकानदाराला विचारू नका, स्वतः काढा. टर्बो पेट्रोल इंजिन एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. मला हवे होते १३० हॉर्सपॉवर, म्हणजे तासाला ३५ किलो. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी पावणेनऊ किलो. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं, म्हणून त्याची क्षमता हवी अकरा किलो. पेट्रोलची घनता धरून हे मिनिटाला २५० सीसीच्या आसपास येतं. इथेनॉलमुळे सात-आठ टक्के जास्त लागतं आणि थोडा हात राखून ठेवायचा, म्हणून मी ३३० सीसीचे घेतले. याच हिशेबानं ४०० हॉर्सपॉवरच्या व्ही-८ला आठ इंजेक्टर, हात राखण्याआधीच प्रत्येकी ३८० सीसीच्या आसपासचे. उगाच दुप्पट मोठे घेतले तर आयडलला गाडी खोकत राहते.

पंपाचंही तेच. ३५ किलो म्हणजे तासाला ४८ लिटर. साध्या इंजेक्शन गाडीचा पंप हे सहज देतो. तासाला २५५ लिटरचा पंप घेऊन मिरवणारे पुष्कळ. उरलेलं २०० लिटर पेट्रोल नुसतं गोल फिरून गरम होतं.

आता टाकी. जुन्या टाकीत इंजेक्शन गाड्यांसारखा पंपाभोवतीचा डबा नसतो. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरला ते चालायचं, कारण त्याच्या वाटीत थोडं शिल्लक असायचं. इंजेक्शनला अर्धा सेकंदही चालत नाही. अन्नपूर्णा रोडच्या वळणावर पाव टाकीवर माझी गाडी अशीच दोनदा मेली आणि मी दोन आठवडे वायरिंग उसवत बसलो. उपाय साधा: बूटमध्ये दीड लिटरचा छोटा मधला डबा. जुना कमी दाबाचा पंप टाकीतून तो डबा भरतो, नवा पंप डब्याच्या तळातून ओढतो, इंजिनाकडून परत येणारं पेट्रोल त्याच डब्यात आणि जादाचं टाकीत. डब्याला वेल्डिंग चांगल्या हाताचं हवं.

हवा आत नेणाऱ्या मूळ इनटेक मॅनिफोल्डला इंजेक्टरांच्या चार बैठका आर्गन वेल्डिंगनं बसवून घ्याव्या लागतात. फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडेल असा कोन ठेवा. व्ही-८वाल्यांसाठी चार तोंडांच्या कार्ब्युरेटरच्या जागी तशीच बोल्ट होणारी थ्रॉटल बॉडी मिळते, इंजेक्टर तिच्यातच. बिनटर्बोच्या गाडीला ती छान. बूस्टसाठी मात्र प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टरच बरा, कारण वरून शिंपडलेलं पेट्रोल आठ जणांत सारखं वाटलं जात नाही.

ठिणगी आणि छत्तीस उणे एक

पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटरचे वजनवाले पंख यांना इथे निरोप. ठिणगीची वेळ आता ईसीयू ठरवतो. त्याला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, नेमका कुठे आहे हे कळायला क्रँकच्या पुलीवर दातेरी चकती लावतात: छत्तीस दात्यांची, एक दाता काढलेली. प्रत्येक दाता म्हणजे दहा अंश, आणि मोकळी जागा आली की ईसीयूला समजतं की फेरा इथून सुरू. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात लेझर कटिंगवाल्याला ड्रॉइंग दिलं की चार मिलीमीटर पत्र्यातून ती कापून मिळते. खरादवाल्याकडून पुलीवर मध्य साधून घ्या. सेन्सर आणि दाता यांतलं अंतर एक मिलीमीटरच्या आत, आणि पूर्ण फेऱ्यात सारखं. सेन्सरची पट्टी जाड हवी. ती थरथरली तर ४००० आरपीएमला इंजिन ठेचकाळतं आणि दोष मात्र आपण पेट्रोलला देतो.

वायरी आणि सेन्सर

ईसीयू म्हणून मी स्पीडुइनो वापरला. त्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं आहे आणि तो आर्डुइनो मेगावर चालतो. मेगास्क्वर्ट हा जुना आणि जास्त मुरलेला पर्याय. हातात पैसा असेल आणि सोल्डरिंगची आवड नसेल तर तयार डबा घ्या, त्यात कमीपणा नाही.

लागणारे सेन्सर मोजकेच. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, थ्रॉटल किती उघडा, क्रँक, आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड. दाबाचा सेन्सर सुरुवातीलाच २५० किलोपास्कलपर्यंत वाचणारा घ्या, म्हणजे टर्बोच्या वेळी पुन्हा खर्च नको. इग्निशन चालू, इंजिन बंद, अशा वेळी या सेन्सरचा आकडा बघा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळे इथे ९५च्या आसपास दिसायला हवं. १०१ दाखवत असेल तर तो मुंबईत बसून वाचतोय, कॅलिब्रेशन चुकलं.

वाइडबँड धुराच्या पाइपात आडवा किंवा तोंड वर करून बसवू नका. टोक खाली आणि थोडं तिरकं, नाहीतर सकाळचं पाणी त्यात साचून तो फुटतो.

वायरिंगला घाई करू नका. पंपाला स्वतःचा रिले आणि फ्यूज. इंजिन बंद पडलं की पंप दोन सेकंदांत आपोआप थांबला पाहिजे, ही जोडणी ईसीयूकडूनच घ्या. अपघातात गाडी उलटी आणि पंप चालू, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. सगळ्या सेन्सरांचं अर्थिंग एका जागी, इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग खरवडून. बॉडीवर इथे एक स्क्रू, तिथे एक स्क्रू असं केलं तर हॉर्न वाजवला की तापमानाचा काटा उडी मारतो. हसू नका, मारतो.

पहिला स्टार्ट

गाडीखाली कोरडं वर्तमानपत्र पसरा. इंजिन न लावता फक्त पंप चालू करा आणि ३ बारवर दहा मिनिटं राहू द्या. कागदावर एक थेंबही नको. अग्निशामक सिलिंडर हाताशी, आणि बिडी ओढणाऱ्या शेजाऱ्याला चहाला आत पाठवा.

मग इंजेक्टरांच्या वायरींचे प्लग काढून ठेवा आणि नुसता स्टार्टर मारा. ईसीयूला जोडलेल्या लॅपटॉपवर २००-२५०च्या आसपास स्थिर आरपीएम दिसायला हवेत. ते उड्या मारत असतील तर पुढे जाऊ नका, सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या असण्याची शक्यता मोठी. स्थिर दिसले की ईसीयूला ठिणगी दहा अंशांवर अडकवून ठेवायला सांगा आणि टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा, पुलीवर धरा. लाइटही दहाच दाखवेल तोपर्यंत ईसीयूतला कोन सुधारत जा. ही एक पायरी गाळल्यामुळे जेवढी इंजिनं गेली असतील तेवढी बूस्टनं गेली नसतील. लॅपटॉप सांगतो दहा, खरे असतात पंचवीस.

आता इंजेक्टर जोडा आणि चावी फिरवा. पहिल्यांदा सुरू होईल आणि मरेल. पुन्हा. आमच्याकडे सातव्या खेपेला इंजिन धरलं आणि बाबा घरातून बाहेर येऊन म्हणाले, "चोक ओढला का?" त्यांना चोकच उरला नाही हे सांगायला माझ्याच्यानं झालं नाही.

नवख्यांनी पेट्रोलचं प्रमाण लॅम्डामध्येच बघावं. १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे गुणोत्तर बिनइथेनॉलच्या पेट्रोलचं, ई-२०चं ते १३.५च्या जवळ येतं. लॅम्डा १ म्हणजे दोन्हीकडे नेमकं जुळलेलं, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त. आयडलला ०.९५ ते १, सावकाश चालताना १, जोर देताना ०.८८च्या आसपास. ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्यातला एकेक चौकोन गाडी चालवत भरत जायचा. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं लॅपटॉप धरायचा. दोन्ही कामं एकट्यानं करणारा माणूस मी ट्रेलरवर परतताना बघितलाय. डिसेंबरच्या सकाळी दहा अंशांत गाडी एका चावीत लागायला लागली की इंजेक्शन झालं म्हणायचं.

आता टर्बो

जबरदस्तीची हवा इंदूरला नवी नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्याकडे १९३६ची ड्यूसेनबर्ग एसजे होती, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बनवून घेतलेली. सरळ आठ सिलिंडर, जवळपास सात लिटर, सुपरचार्जरसह कंपनी ३२० हॉर्सपॉवर सांगायची. माणिकबाग राजवाड्याच्या फाटकातून ती निघायची तेव्हा शहरात टांगे होते. सुपरचार्जर इंजिनाच्याच दांड्यावरून फिरतो, म्हणजे ताकद देताना थोडी खातो. टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो, त्यामुळे स्वस्तात पडल्यासारखा वाटतो. तो खातो ती उष्णता आणि तेल.

उष्णतेचा हिशेब आधी. मला हवा होता अर्धा बार बूस्ट. इंदूरची हवा ०.९५ बार, त्यात अर्धा मिळवला की १.४५, म्हणजे दाब दीडपटीला थोडा वर. मे महिन्यातली ४२ अंशांची हवा साधारण सत्तर टक्के कार्यक्षम टर्बोतून दाबली की बाहेर पडते १०० अंशांच्या आसपास. चहाच्या आधणाइतकी हवा सिलिंडरमध्ये घातली तर पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही. म्हणून इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारी जाळी. रेडिएटरच्या पुढे, आणि त्याच्या मागे गाडीच्या पाण्याला पुरेल एवढी हवा पोचेल असा.

१९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरनं हाच धडा महागात घेतला. ३.५ लिटरचं व्ही-८, टर्बो, आणि कंप्रेशन १०.२५. एवढ्या कंप्रेशनवर बूस्ट झेपावा म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारायचे. मालक ती टाकी भरायला विसरायचे. शेवटी कंपनीनंच पुष्कळ गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले.

टर्बो कुठला? कबाड्याकडे डिझेल गाड्यांचे टर्बो ढिगानं पडलेले असतात आणि आकारही बरोबर वाटतो. मोह आवरा. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा शंभर-दीडशे अंश जास्त तापतो, साडेनऊशेपर्यंत जातो. त्यातून डिझेलचा पाती हलवणारा टर्बो असेल तर त्या पात्या अडकून बसतात. वेस्टगेट (जादा धूर बाजूनं सोडून बूस्ट आवरणारी झडप) असलेला, पेट्रोल इंजिनासाठीचा छोटा टर्बो घ्या आणि त्याची स्प्रिंग अर्ध्या बारचीच ठेवा. दोन टर्बोंच्या व्ही-८त दोन्ही वेस्टगेटच्या स्प्रिंगा एकसारख्या आणि दाबाच्या नळ्या एकाच ठिकाणाहून, सारख्या लांबीच्या. नाहीतर एक टर्बो राबतो आणि दुसरा बघत बसतो.

आता तेल, आणि माझी फजिती. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल दाबानं येतं, पण परत जातं नुसत्या उतारानं. परतीची नळी आतून १६ मिलीमीटर तरी जाड, सतत उतरती, आणि संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. माझी पहिली फिटिंग ज्या वर्कशॉपमध्ये झाली तिथे ती नळी चेसिसवरून वळवताना मध्ये चार बोटं वर उचलली गेली होती. मी पाहिलं, मला ते नीटनेटकंही वाटलं. रामबागेत घरासमोर गाडी सुरू केली, दोन मिनिटं ठीक, मग सायलेन्सरमधून पांढरा निळसर धूर, डासांच्या फवारणीच्या गाडीसारखा. समोरच्या काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्या वर्षी त्यांच्या कुरडयांना इंजिन ऑइलचा वास होता, आणि मला वर्षभर त्यांच्याकडून डब्बा आला नाही. छोटी ग्वालटोलीतले आमचे म्हातारे उस्ताद आले, खाली वाकून बघितलं, म्हणाले, "तेल चढ़ाई नहीं चढ़ता, बेटा." नळी सरळ केली, धूर बंद.

आणखी दोन ठिकाणी एकमार्गी व्हॉल्व्ह लावायचे असतात आणि नवखे हमखास विसरतात. ब्रेकचा सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, मॅनिफोल्डमधल्या ओढीवर चालतो, बूस्टमध्ये तिथे ओढीऐवजी दाब येतो. तसंच इंजिनाच्या पोटातली वाफ आत ओढणारी नळी: तिच्यातून बूस्ट उलटा शिरला तर ऑइलची सीलं बाहेर पडतात. आणि हवेच्या पाइपांना साध्या होज क्लिप नकोत, टी-बोल्ट क्लॅम्प घ्या. साधी क्लिप सुटते तेव्हा असा बार उडतो की गल्लीतली कुत्री दोन दिवस फिरकत नाहीत.

बूस्टची मोजदाद

पेट्रोलच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली हवी, म्हणजे बूस्ट अर्धा बार चढला की पेट्रोलचा दाबही ३चा साडेतीन होतो आणि इंजेक्टरला हवेविरुद्ध ढकलावं लागत नाही. प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, घ्या आणि गॅप १ मिलीमीटरवरून ०.७ वर आणा, दाबाखाली लांब ठिणगी विझते. ईसीयूत वरची मर्यादा टाका: माझ्याकडे बूस्ट म्हणजे १४५ किलोपास्कल (१.४५ बार), आणि १६५ झाले की इंजेक्टर बंद. वेस्टगेटची नळी निसटली तर हाच आकडा इंजिन वाचवतो.

टायमिंगचा, म्हणजे ठिणगी केव्हा पडावी याचा, ठोकताळा असा की बूस्टच्या प्रत्येक पीएसआयला एक अंश मागे. अर्धा बार म्हणजे सात पीएसआय, म्हणून सात अंश. हे सुरुवातीपुरतं. लॅम्डा बूस्टमध्ये ०.८०, आणि जीव घाबरा असेल तर ०.७८. पहिल्यांदा तिसऱ्या गिअरमध्ये तीन सेकंद दाबा, सोडा, इंजिन बंद करून प्लग काढा. भिंगातून पांढऱ्या चिनीमातीवर बघा. चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, टायमिंग आणखी तीन अंश मागे घ्या. काहीच दिसलं नाही तर पाच सेकंद दाबा. ८०० मीटर रस्त्यात याहून जास्त दाबताही येत नाही, ते बरंच आहे. नीट आकडे हवे असतील तर डायनोवर, म्हणजे उभ्या गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, न्या, आपल्या शहरात नसेल तर पुण्या-बंगळुरापर्यंत ट्रेलरवर. इंजिनापेक्षा ट्रेलर स्वस्त.

दाबून चालवल्यावर लगेच चावी काढू नका, दोन मिनिटं आयडलवर ठेवा. टर्बोतलं तेल उभ्या उभ्या जळून त्याचा कोळसा होतो. गार झाल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट पुन्हा बघा, पहिल्या चार-पाच खेपांना ते सैल पडणारच. माझ्या गाडीत दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधला खालचा नट अजून दर वेळी ढिला होतो आणि तिथे कुठलाच पाना जात नाही. त्याच्यासाठी १३चा एक पाना अर्धा कापून, गरम करून वाकवून ठेवलाय. तो डॅशबोर्डच्या खणात, बाबांच्या चष्म्याच्या डबीशेजारी असतो.